प्लास्टिक सर्जरीचे शिक्षण : उपनगरांतील उमेदवारांस चार शब्द

अंधेरी-वर्सोव्याच्या बाजूस किंवा बोरिवली-मुलुंडच्या नव्या वस्त्यांतून हिंडताना, नाकाला घाट देणाऱ्या, पोटावरचा मेद उतरवणाऱ्या आणि टकलावर केस रोवणाऱ्या दवाखान्यांच्या पाट्या ज्या दाटीने दृष्टीस पडतात, त्या पाहता प्लास्टिक सर्जरी म्हणजे सुखवस्तू माणसांच्या सौंदर्यहौसेची चाकरी, असा ग्रह कोणाचाही व्हावा. आणि जनरल सर्जरीची एमएस पदवी नुकतीच हाती पडलेल्या, पुढील तीन वर्षे कोणत्या शाखेस वाहावीत या विवंचनेत असलेल्या तरुण डॉक्टरांच्या मनातही, उघड बोलून दाखवला नाही तरी, हाच ग्रह पुष्कळदा वास करीत असतो. हा लेख मुख्यत्वे अशा उमेदवारांसाठी आहे, आणि काही अंशी त्यांच्या आईवडिलांसाठीही. कारण उपनगरातल्या मध्यमवर्गीय घरात असा निर्णय एकट्याने होत नाही. त्यांस प्रथमच सांगून ठेवले पाहिजे की, ज्या तीन वर्षांत प्लास्टिक सर्जन घडतो, त्या वर्षांत सरकारी व पालिकेच्या रुग्णालयांत त्याच्यापुढे येणारे रुग्ण प्रामुख्याने भाजलेले, यंत्रात सापडलेले, दुभंगलेल्या ओठांचे आणि महिनोन्महिने न भरणाऱ्या जखमांचे असतात. आणि या शाखेचे शिक्षण शस्त्रक्रियागृहात जितके होते त्याहून अधिक ड्रेसिंगच्या खोलीत होते, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

मार्ग थोडक्यात असा. एमबीबीएसनंतर जनरल सर्जरीची तीन वर्षे पुरी केलेल्या उमेदवारास नीट एसएस ही अखिल भारतीय परीक्षा द्यावी लागते आणि तिच्या गुणक्रमाने त्याला तीन वर्षांच्या एमसीएच अभ्यासक्रमास, किंवा राष्ट्रीय परीक्षा मंडळाच्या डीआरएनबी या तेवढ्याच मुदतीच्या शिक्षणक्रमास प्रवेश मिळतो. पहिल्याची पदवी महाराष्ट्रात नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ देते. दुसऱ्याच्या जागा काही खासगी रुग्णालयांतही असतात, आणि एमबीबीएसनंतर थेट सहा वर्षे शिकून ही पात्रता मिळवण्याची सोयही मंडळाने ठेविलेली आहे. परळचे केईएम, शीवचे लोकमान्य टिळक, मुंबई सेंट्रलचे नायर आणि भायखळ्याचे जे. जे. ही मुंबईतील जुनी शिक्षणस्थाने. प्रवेशाचा कागद हाती येताच बंधपत्रावर सही करण्याची घाई सर्वांस असते. परंतु सक्तीच्या सेवेची मुदत, शिक्षण मध्येच सोडल्यास भरावयाची रक्कम आणि मूळ दाखले कोणाच्या दफ्तरी राहणार, ही तीन कलमे घरच्या वडीलधाऱ्यांसमवेत वाचून मगच सही करावी. बाकीचे तपशील दरसाल बदलतात, सबब येथे देण्यात हशील नाही.

ही विद्या मुंबईत कोणत्या गरजेतून रुजली, हे मात्र उमेदवाराने जाणून घ्यावे. इंग्लंडमध्ये सर हॅरल्ड गिलिज यांच्या हाताखाली शिकून आलेले डॉ. नोशिर अंतिया यांनी १९५८ साली जे. जे. रुग्णालयात टाटा प्लास्टिक सर्जरी विभाग उभा केला, तेव्हा त्यांच्यापुढे कुष्ठरोगाने बसलेली नाके आणि वाकड्या झालेल्या बोटांचे हात होते. समाजाने घराबाहेर काढलेल्या माणसाचा चेहरा आणि हात पुन्हा चारचौघांसारखा करून देणे, हे त्या विभागाचे आरंभीचे मोठे कार्य ठरले. त्याच वर्षी नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. सी. बालकृष्णन यांनी या शाखेचा स्वतंत्र विभाग सुरू केला, आणि केईएममध्ये डॉ. चार्ल्स पिंटो यांनी दुभंगलेल्या ओठांच्या व टाळूच्या शस्त्रक्रियांची जी शिस्त घालून दिली, तिचा पुरावा आज परळहून फार दूर, केरळातील त्रिशूर येथे पाहावयास मिळतो. कारण पिंटोंचे शिष्य डॉ. हिरजी अडेनवाला १९५९ साली तेथील एका मिशन रुग्णालयात गेले, आयुष्यभर तेथेच राहिले, आणि अशा बालकांसाठी काढलेल्या केंद्राला त्यांनी आपल्या गुरूचे नाव दिले. अंतिया आणि त्यांचे सहकारी बुच यांनी शरीराच्या एका भागातील ऊती रक्तवाहिन्यांसह सोडवून दुसऱ्या भागात नेऊन तेथील रक्तवाहिन्यांस जोडल्याचा वृत्तांत १९७१ साली ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध झाला. जगातील अशा अगदी पहिल्या प्रयत्नांत त्याची गणना होते, आणि तो भायखळ्याच्या एका सरकारी रुग्णालयातून गेलेला होता. साधने अपुरी आहेत, ही तक्रार ज्या निवासी डॉक्टरांच्या ओठांवर सदैव असते (आणि ती पुष्कळदा खरीही असते), त्यांनी ही एवढी गोष्ट स्मरणात ठेवण्यासारखी आहे.

आता उपनगरांचा या शिक्षणाशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध असा की, शिक्षणाची जुनी स्थाने बेटावरच्या शहरात असली तरी त्यांचा रुग्ण मोठ्या संख्येने उपनगरांतून येतो. मरोळ-साकीनाक्याच्या कारखान्यांत पॉवर प्रेसखाली बोटे गेलेला कामगार, मालाडच्या चाळीत स्टोव्हच्या भडक्याने भाजलेली बाई, दिवाळीत अनाराने तळहात जळलेला मुलुंडचा मुलगा, लोकलखाली सापडलेला प्रवासी, हे सारे प्रथम घाटकोपरच्या राजावाडीत, विलेपार्ल्याच्या कूपरमध्ये किंवा जवळच्या एखाद्या खासगी इस्पितळात जातात, आणि तेथून पुष्कळदा चिठ्ठी घेऊन शीव-परळची वाट धरतात. तेव्हा जो निवासी डॉक्टर स्वतः मुलुंडहून धीम्या गाडीने शीवला येतो, त्याला आपल्या रुग्णाचा प्रवास ठाऊक असतो; रुग्ण टाके काढण्यास का आला नाही, पट्टा बांधून ठेवण्यास सांगितलेला हात त्याने कामावर का लावला, याचा उलगडा त्याला पुस्तकात शोधावा लागत नाही. हे ज्ञान क्षुल्लक नव्हे. ते शिक्षणात कसे वापरावे, ते पुढे येईलच.

रुजू झाल्यावर पहिल्या वर्षीच्या उमेदवाराच्या वाट्यास ड्रेसिंगची खोली येते आणि तेथेच पहिली निराशाही पदरी पडते. एमएस होईपर्यंत ज्याने पोटे उघडली, आतडी जोडली, त्याला येथे सकाळपासून गॉज सोडविण्याचे, सलाइनने जखमा धुण्याचे आणि पुन्हा पट्ट्या बांधण्याचे काम सांगितले जाते. त्यामुळे आपल्या विद्येचा अपमान होत आहे असे त्याला वाटू लागते आणि तो शक्य तितक्या लवकर हे काम इंटर्नवर किंवा वॉर्डातील मामांवर सोपवून ओटीच्या दाराशी उभा राहतो. हे करू नये, अशी या लेखकाची कळकळीची सूचना आहे. त्वचारोपण म्हणजे ग्राफ्ट ही क्रिया मुळात भाताच्या लावणीसारखी आहे: रोप उपटताना त्याचा जुन्या जमिनीशी संबंध संपूर्ण तुटतो, आणि नवे खाचर नीट तयार नसेल तर लावणाऱ्याचा हात कितीही सफाईदार असो, रोप धरत नाही. मांडीवरून मिलिमीटरच्या एका लहान अंशाएवढ्या जाडीची त्वचा उतरवून ती जखमेवर पसरण्यास कुशल हातास अर्धा तासही पुरतो. पण ती जखम आज ग्राफ्ट घेण्याजोगी आहे की नाही, तिच्यावरचे मांसांकुर तांबूस आणि घट्ट आहेत की फिकट, बुळबुळीत व सुजलेले, तिच्या वासात कालपेक्षा काय फरक पडला, कडेने नवी त्वचा सरकू लागली आहे किंवा कसे, हे ओळखणारी दृष्टी शेकडो पट्ट्या स्वतःच्या हाताने सोडविल्यावाचून येत नाही.

ग्राफ्ट लावल्यानंतरचे पहिले दोन दिवस ती त्वचा जखमेतून पाझरणाऱ्या द्रवावर कशीबशी जगते, नंतर खालच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या तिच्यातील वाहिन्यांशी जुळू लागतात, आणि साधारण पाचव्या दिवशी पट्टी उघडली असता ती गुलाबी होऊन चिकटलेली दिसते. तिच्याखाली रक्त साकळले, ती जागची सरकली किंवा जंतूंनी तिला गाठले, तर ती जाते. एवढे सारे कोणत्याही पाठ्यपुस्तकात आहे. तथापि पाचव्या दिवशीची ती पट्टी कोणी सोडवावी, हा प्रश्न पुस्तकात नाही, आणि त्याचे उत्तर एकच असावे: ज्याने ग्राफ्ट लावला त्याने. आपल्या हातून लावलेला ग्राफ्ट एका कोपऱ्यात काळा पडलेला स्वतःच्या डोळ्यांनी पाहणे, तेथे गाठ आलेले रक्त कोठून आले असावे हे मनाशी जुळविणे, आणि पुढच्या वेळी रक्तस्राव थांबवण्यास दहा मिनिटे अधिक थांबणे, याहून परिणामकारक व्याख्यान कोणत्याही प्राध्यापकास देता येणार नाही. युनिटमधील जुन्या सिस्टर या बाबतीत मोठ्या गुरू असतात. पट्टी अर्धी उघडताच वासावरून त्या जे सांगतात, ते प्रयोगशाळेचा अहवाल दोन दिवसांनी सांगतो. त्यांस मानाने वागवावे, आणि त्यांच्या सुटीच्या दिवशी खोलीतील सामानाची याद आपण स्वतः ठेवावी.

भाजलेल्या रुग्णाच्या बाबतीत पहिल्या रात्रीचा हिशेब चुकला तर पुढे कोणतीही कला उपयोगी पडत नाही. शरीराचा किती भाग जळाला हे नऊच्या नियमाने आणि रुग्णाच्या स्वतःच्या पंजाने (बोटांसह पंजा म्हणजे सुमारे एक टक्का) ठरवावयाचे, मग वजनाच्या दर किलोमागे आणि दर टक्क्यामागे चार मिलिलिटर या प्रमाणाने पहिल्या चोवीस तासांचे सलाइन काढावयाचे आणि त्यातील निम्मे पहिल्या आठ तासांत द्यावयाचे, हे सर्वांस पाठ असते. परंतु ते आठ तास भाजल्या क्षणापासून मोजावयाचे असतात, आपल्या वॉर्डात दाखल झाल्यापासून नव्हे. आणि उपनगरातून दोन इस्पितळांची दारे पाहून आलेल्या रुग्णाचे तीन तास वाटेतच गेलेले असतात. साठ किलो वजनाचा, तीस टक्के भाजलेला इसम घेतला तर चोवीस तासांचे मान ७२०० मिलिलिटर होते. त्यातील ३६०० मिलिलिटर त्याला उरलेल्या पाच तासांत मिळावयास हवे, आणि तेवढ्यावर समाधान न मानता लघवीचे प्रमाण दर तासास पाहून त्यात कमीजास्त करावयास हवे. नवीन उमेदवाराने वाटेतल्या इस्पितळात आधी किती सलाइन गेले हे चिठ्ठीवर नसल्यास फोन करून विचारण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी.

याच रात्री त्याच्यावर आणखी एक जबाबदारी येते. भाजलेली विवाहित स्त्री आणि तिच्या खाटेभोवती उभी असलेली सासरची मंडळी हे दृश्य आपल्याकडे नवे नाही. पोलीस आणि दंडाधिकारी जबानी घेण्यास येतात तेव्हा रुग्ण शुद्धीवर असून निवेदन करण्यास समर्थ आहे, असा दाखला बहुधा निवासी डॉक्टरच देतो, आणि वर्षांनंतर न्यायालयात त्या चार ओळींवर उलटतपासणी होते. नातेवाइकांस बाहेर काढावे, रुग्णाला आधी काय औषध दिले ते पाहावे, तिला नाव-गाव-वेळ विचारून स्वतःची खात्री करावी, आणि मगच वेळ घालून सही करावी. मेडिको-लीगल कागदांवर कोऱ्या जागी आगाऊ सह्या करून ठेवण्याची जी चाल काही ठिकाणी आढळते, तिच्यापासून कटाक्षाने दूर राहावे.

हाताच्या सरावाविषयी बोलताना, आधुनिक सिम्युलेटरचे कौतुक करणाऱ्यांनी सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील नववा अध्याय अवश्य चाळावा. शास्त्र पाठ केलेल्या शिष्यालाही कृतीचा अभ्यास केल्यावाचून शस्त्र देऊ नये, अशी तेथे भूमिका असून, छेद घेण्याचा सराव कोहळा, भोपळा, कलिंगड यांवर, शिरा उघडण्याचा मृत पशूंच्या शिरांवर व कमळाच्या देठांवर, आणि टाके घालण्याचा जाड वस्त्राच्या व मऊ चामड्याच्या कडांवर करावा, असे सांगितले आहे. आजचा उमेदवार कुर्ल्याच्या बाजारातून कोंबडीची तंगडी आणून तिच्यातील एक-दोन मिलिमीटर व्यासाची रक्तवाहिनी मायक्रोस्कोपखाली कापतो आणि जोडतो, तो याच मार्गाने चाललेला असतो. या कामास लागणारा दहा-शून्य क्रमांकाचा नायलॉनचा धागा केसाहूनही कितीतरी बारीक असतो. हाताचा कंप, कॉफीचा अतिरेक आणि मनाची घाई, तिन्ही त्याच्या टोकाशी तत्काळ उघडी पडतात. प्रथम हातमोज्याच्या रबरावर सारख्या अंतराचे टाके, मग तंगडी, मग परवानगी असलेल्या प्रयोगशाळेत उंदीर, असा क्रम ठेवावा; आणि वाहिनी जोडून झाल्यावर ती उभी चिरून आतल्या बाजूने टाके पाहावेत, कारण बाहेरून सुबक दिसणाऱ्या टाक्याने समोरची भिंतही धरून ठेवल्याचे तेथेच कळते. रोज थोडा वेळ बसणाऱ्याचा हात महिन्यातून एकदा रात्रभर बसणाऱ्याच्या आधी तयार होतो.

दुसरा सराव आराखड्याचा, आणि त्याचे उत्तम उदाहरण आपल्याच प्रांतातले आहे. १७९२ च्या युद्धात इंग्रजी फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा मराठा शेतकरी टिपूच्या सैन्याच्या हाती सापडला, त्याचे नाक व एक हात कापले गेले, आणि पुढे पुण्याजवळ वीट पाडणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्याला कपाळाच्या त्वचेचे नवे नाक करून दिले. इंग्रज डॉक्टरांच्या समक्ष झालेल्या या क्रियेचा वृत्तांत १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आला, आणि तो वाचून जोसेफ कार्प्यू या शल्यविशारदाने शवांवर सराव करून १८१४ साली लंडनमध्ये ती क्रिया यशस्वी केली, हे प्रसिद्धच आहे. उमेदवाराने त्यातील एका तपशिलाकडे लक्ष द्यावे. त्या कारागिराने आधी मेणाचे नाक करून कावसजीच्या चेहऱ्यावर बसवून पाहिले, मग ते मेण सपाट करून कपाळावर ठेवले, त्याभोवती रेघ ओढली, आणि त्या रेघेबरहुकूम त्वचा सोडवून भुवयांमधला देठ तसाच राखून ती खाली फिरवली. सुमारे पंचविसाव्या दिवशी तो देठ कापला. आज आपण मेणाच्या जागी गॉजचा किंवा टाक्यांच्या वेष्टनाचा तुकडा कापतो, जखमेवर बसवून पाहतो, आणि मग उलट क्रमाने तो मूळ जागेपर्यंत फिरवत नेऊन फ्लॅपची, म्हणजे रक्तपुरवठ्यासह हलवावयाच्या त्वचेची, आखणी करतो. देठ कापण्याची मुदतही तीन आठवड्यांच्या आसपासच आहे. शस्त्रक्रियेच्या आदल्या सायंकाळी रुग्णाच्या खाटेपाशी बसून हा तुकडा स्वतः कापून पाहावा आणि दोन पर्याय कागदावर काढावेत. आयती आखणी पाहून सहाय्य करणारा उमेदवार वर्षभरात शंभर शस्त्रक्रिया पाहील, परंतु एकशे एकावी त्याला सुचणार नाही.

फ्लॅपची रात्र हा या शिक्षणातील कठीण भाग आहे. पायाच्या उघड्या हाडावर दिवसभर खपून वरिष्ठांनी मांडीची त्वचा वाहिन्यांसह आणून जोडली, ते घरी गेले, आणि रात्री दोन वाजता वॉर्डात आपण व ती त्वचा असे दोघेच उरलो, म्हणजे पुस्तकी ज्ञान आणि धैर्य यांची एकदमच परीक्षा होते. फिकी, थंड पडलेली त्वचा धमनी बंद झाल्याचे सांगते. निळसर, फुगीर, टोचताच काळे रक्त देणारी त्वचा नीला बंद झाल्याचे सांगते. आणि दोन्ही प्रसंगी रुग्णाला काही तासांच्या आत पुन्हा टेबलावर न्यावे लागते. यात नव्या उमेदवाराचा घात बहुधा अज्ञानाने होत नाही, संकोचाने होतो: सरांना आता उठवावे की सकाळपर्यंत पाहावे, या विचारात तो वेळ घालवतो. शंका येताच फोन करावा, बोलणी खावी लागली तर खावी. आणि ज्या वरिष्ठाच्या धाकाने निवासी डॉक्टर रात्री फोन करीत नाहीत, त्या वरिष्ठास शिकवण्याचा अधिकार कितपत आहे, याचा विचार विभागप्रमुखांनी करावा.

तुटलेल्या बोटांच्या बाबतीत तर फोनवरचे पहिले वाक्यच उपचार ठरते. अपघात विभागातून किंवा थेट कारखान्यातून विचारणा आली की सांगावे: तुटलेला भाग स्वच्छ पाण्याने धुऊन ओल्या गॉजमध्ये किंवा स्वच्छ कापडात गुंडाळा, तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा, आणि ती पिशवी बर्फपाण्याच्या दुसऱ्या पिशवीत ठेवा, बोट बर्फावर उघडे ठेवू नका. अशा तऱ्हेने थंड राखलेले बोट बारा तासांपर्यंतही जोडता येते. मनगटाच्या वर तुटलेला, स्नायू असलेला भाग फार तर सहा तास. २०१४ च्या जानेवारीत घाटकोपर स्थानकावर गाडी आणि फलाट यांमधील पोकळीत पडून एका महाविद्यालयीन तरुणीचे दोन्ही हात गेले. पुढे २०२० च्या ऑगस्टमध्ये परळच्या एका रुग्णालयात, चेन्नईहून विमानाने आलेल्या दात्याच्या हातांचे तिच्यावर रोपण झाले. ही मुंबईतील पहिली हस्तरोपण शस्त्रक्रिया. वृत्तपत्रांनी त्या दीर्घ शस्त्रक्रियेचे वर्णन केले ते योग्यच. परंतु त्यामागची मधली साडेसहा वर्षे, आणि रोपणानंतर बोटे हलती करण्यासाठी करावी लागणारी प्रदीर्घ व्यायामसाधना, हीच या शाखेची खरी मोजदाद आहे. म्हणून प्रत्येक निवासी डॉक्टराने फिजिओथेरपी व ऑक्युपेशनल थेरपीच्या विभागांत नियमाने जाऊन बसावे. कमला निंबकर यांनी १९५० साली केईएममध्ये आशियातील पहिली ऑक्युपेशनल थेरपीची शाळा काढली. तिच्या शेजारी वाढलेल्या आपल्या शाखेने आपल्या हातच्या रुग्णाला कप उचलता येतो की नाही हे दुसऱ्या कोणीतरी पाहावे, असे म्हणणे शोभत नाही.

नोंदींविषयी थोडे. लॉगबुक त्याच रात्री भरावे. परीक्षेच्या तोंडावर आठवून भरलेले लॉगबुक परीक्षकास पहिल्याच पानावर ओळखू येते. छायाचित्र ही या शाखेची दुसरी वही आहे, तेव्हा शस्त्रक्रियेपूर्वी, नंतर आणि सहा महिन्यांनी, एकाच अंतरावरून, एकाच उजेडात आणि एकाच पार्श्वभूमीवर ते घ्यावे, रुग्णाची लेखी संमती घ्यावी, आणि ते स्वतःच्या मोबाइलवरून मित्रांच्या गटात फिरवू नये. ही शेवटची गोष्ट सांगावी लागते, हे दुर्दैव. संमतिपत्र रुग्णाला समजणाऱ्या भाषेत वाचून दाखवावे. कपाळाचे नाक करताना मधले तीन आठवडे चेहऱ्यावर मांसाचा देठ लोंबत राहील, हे ज्याला आधी सांगितले नाही, तो रुग्ण दुसऱ्या टप्प्यास येत नाही.

आणि येथेच उपनगराचे ते ज्ञान उपयोगी पडते. जळालेली मान किंवा काख बरी झाल्यावर आवळत जाते, म्हणून दाबाचे कपडे आणि पट्ट्या दिवसातील बहुतेक काळ, पुढे अनेक महिने वापराव्या लागतात. परंतु रोजंदारीवरचा माणूस बोरिवलीहून परळला दर आठवड्यास येऊ शकत नाही, त्याचा दिवस बुडतो. तेव्हा त्याच्या येण्याच्या तारखा त्याच्या सुटीच्या वाराशी जुळवून द्याव्या, जवळच्या पालिका रुग्णालयात पट्टी होऊ शकेल तर तेथील डॉक्टरास चिठ्ठी लिहावी, फोन नंबर नोंदवावा, आणि न आलेल्यास महिन्याच्या अखेरीस स्वतः फोन करावा. जो उमेदवार हे करतो त्याच्यापाशी तिसऱ्या वर्षाअखेर सहा-सहा महिन्यांचे निकाल जमलेले असतात, आणि प्रबंधही बहुधा त्यातूनच उभा राहतो.

घरच्यांसाठीही दोन गोष्टी. १९९२ च्या केंद्रीय निवासी योजनेत सलग काम सामान्यतः बारा तासांहून व आठवड्याचे अठ्ठेचाळीस तासांहून अधिक नसावे असे म्हटले होते. प्रत्यक्षात ते तीन वर्षांत क्वचितच अनुभवास येते, हे जाणून घरातील लग्नकार्ये, कर्जे व अपेक्षा त्याप्रमाणे आखाव्यात. निवासस्थानी खोली मिळत असेल तर ती घ्यावी. पहिल्या वर्षी तरी रोज अंधेरीहून ये-जा करण्याचा आग्रह धरू नये. सौंदर्यशस्त्रक्रिया शिकवतात की नाही, हा प्रश्न आईवडील हटकून विचारतात. शिकवतात, थोड्या प्रमाणात शिकवतात, आणि जो दुभंगलेल्या ओठाची लाल कडा अर्धा मिलिमीटरही न चुकता जुळवण्यास शिकला आहे, त्याला पुढे नाकाची व पापणीची कामे स्वतंत्र फेलोशिप करून आत्मसात करण्यास अडचण पडत नाही. उलट क्रमाने हे साधलेले आमच्या पाहण्यात नाही.

शेवटी संस्था निवडण्याविषयी. गुणक्रम हाती आल्यावर, पसंतीचा क्रम भरण्यापूर्वी, एक दिवस काढून त्या विभागात जावे, विभागप्रमुखांस भेटावे, आणि नंतर तिसऱ्या वर्षाच्या निवासी डॉक्टराला बाहेर चहाला नेऊन विचारावे: गेल्या वर्षी स्वतःच्या हाताने काय काय केले, रात्री फ्लॅप बिघडला तर कोण येते, ग्राफ्टची पहिली पट्टी कोण सोडवतो, आणि शस्त्रक्रियेनंतर सहा महिन्यांनी रुग्णास कोण पाहते. यांची उत्तरे सरळ मिळाली तर विभागाची इमारत जुनी असो, मायक्रोस्कोप एकच असो, निःशंकपणे तेथे रुजू व्हावे. उत्तरे मिळाली नाहीत, तर ते रुग्णालय घरापासून चालत दहा मिनिटांवर असले तरी तेथे जाऊ नये.